फळबागेसाठी लाकडाचा शिरका : कसा करावा, किती वापरावा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्याला धुराचा आणि जाळाचा गुण नव्याने सांगावा लागत नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी उन्हाळ्यात पालापाचोळा, काटक्या आणि शेणी पसरून राब भाजण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. भाजलेल्या जागेवर रोपे जोमाने वाढतात आणि तणही कमी येते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. राखेतील पालाश व चुना आणि उष्णतेमुळे मेलेले तणाचे बी, ही त्याची मुख्य कारणे आहेत. त्यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. सन २००४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी धुरातून बियांच्या उगवणीस चालना देणारा एक घटक वेगळा काढला. या घटकांच्या गटाला पुढे कॅरिकिन असे नाव मिळाले. हे घटक अत्यंत अल्प प्रमाणात, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग इतक्या प्रमाणातही काम करतात.

कोळशाच्या भट्टीतून निघणारा धूर थंड केला की जे पाणी गळते, त्याला लाकडाचा शिरका म्हणतात. जपानमध्ये शेतीत त्याचा वापर फार जुना आहे. थायलंड व ब्राझीलमधील शेतकरीही तो वापरतात. आपल्याकडे तो ‘वुड व्हिनेगर’ या नावाने बाटल्यांतून विकला जातो आणि त्याबरोबर अनेक दावेही केले जातात.

मागील हंगामात मुरबाड भागातील एका शेतकरी मेळाव्यात एका बागायतदाराने कागदात बांधून आंब्याची पाने आणली होती. पानांच्या कडा करपल्या होत्या व शेंडे वाळले होते. विचारणा केली तेव्हा कळले की, पावसाळा संपल्यावर आलेल्या कोवळ्या पालवीवर त्यांनी १५ लिटरच्या पंपात अर्धा लिटर शिरका टाकून फवारणी केली होती. ‘नैसर्गिक आहे, जास्त पडला तरी काय बिघडते,’ अशी त्यांची समजूत होती. ज्या पालवीच्या काड्यांवर पुढे मोहोर यायचा, त्याच काड्या त्यांनी स्वतःच्या हाताने भाजल्या. असे नुकसान टाळता यावे म्हणून हा शिरका म्हणजे काय, तो घरी कसा करावा आणि किती वापरावा याची माहिती या लेखात दिली आहे.

शिरका म्हणजे काय?

लाकूड उघड्यावर जाळले की त्याची राख होते. तेच लाकूड हवा कोंडून तापवले तर कोळसा राहतो आणि बाकीचा भाग वाफ व धुराच्या रूपाने बाहेर पडतो. हा धूर थंड झाला की त्यातून तांबूस रंगाचे, आंबट आणि धुरकट वासाचे पाणी मिळते. यात ८० ते ९० टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात शिरक्याचे आम्ल म्हणजे ॲसेटिक आम्ल सर्वांत जास्त असते. त्याखेरीज फिनॉल गटातील पदार्थ, मिथेनॉल आणि इतर दोनशेहून अधिक सेंद्रिय पदार्थ अल्प प्रमाणात असतात. त्याचा सामू साधारण ३ च्या आसपास, म्हणजे बराच आम्लधर्मी असतो.

शिरक्यात नत्र, स्फुरद व पालाश जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याला खत म्हणता येणार नाही. एक साधा हिशेब पाहू. एक भाग शिरका आणि ५०० भाग पाणी या प्रमाणात १० लिटर द्रावण एका झाडावर फवारले तर त्यात शिरका पडतो २० मि.लि. आणि त्यातील ॲसेटिक आम्ल भरते सुमारे १ ग्रॅम. याउलट पूर्ण वाढलेल्या आंब्याच्या झाडास वर्षाला दीड किलो नत्राची शिफारस आहे. एक ग्रॅम आम्लाने दीड किलो नत्राची भूक भागणार नाही. शिरक्याचे काम वेगळे आहे. अल्प प्रमाणात तो झाडाच्या वाढीच्या क्रियांना चालना देतो, म्हणून त्याची गणना जैव-उत्तेजकांत होते. उत्तेजकाचा गुण अल्प मात्रेतच दिसतो. मात्रा वाढली की तोच पदार्थ वाढ रोखतो. एक भाग शिरक्यास २० ते ५० भाग पाणी इतके तीव्र द्रावण काही देशांत लागवडीपूर्वी मोकळ्या जमिनीतील रोगजंतू व तण मारण्यासाठी वापरले जाते. वर सांगितलेल्या बागायतदारांचे प्रमाण एकास तीस होते. म्हणजे तण मारण्याच्या ताकदीचे औषध आंब्याच्या पालवीवर पडले.

लाकूड कोठून आणावे?

सन १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि आपल्या वरकस जमिनींवर आंबा व काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्या काळातील झाडे आता मोठी होऊन एकमेकांत शिरली आहेत. अशा बागांत सूर्यप्रकाश व हवा खेळती राहण्यासाठी वाळलेल्या, रोगट आणि दाटी करणाऱ्या फांद्यांची विरळणी करावीच लागते. हे लाकूड बांधावर पडून राहते किंवा चुलीत जाते. शिरक्यासाठी तेच वापरावे. बांधावरील गिरिपुष्प, सुबाभूळ यांचे मनगटाएवढे जाड दांडे आणि बेटातील वाळलेले बांबूही चालतात.

शिरक्यासाठी उभे झाड तोडू नये. आंबा, फणस, जांभूळ, मोह, ऐन, साग, खैर ही झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तानसा अभयारण्य शहापूर तालुक्यात पसरलेले आहे आणि दोन्ही तालुक्यांत वनजमीन मोठी आहे. त्या जमिनीवरील लाकडाला हात लावू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे कोळसा हा जंगलातील असो वा नसो, वनोपजच समजला जातो. म्हणून भट्टीतील कोळसा बाहेर विकण्याचा विचार असल्यास वाहतूक परवान्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच करावी.

रंग दिलेले किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक भट्टीत टाकू नये. काजू बियांची टरफलेही टाकू नयेत. त्यांतील तेल दाहक असते, त्याने कातडीवर फोड येतात व धूर डोळ्यांना झोंबतो.

भट्टी आणि धुराचे पाणी

झाकण असलेले २०० लिटरचे लोखंडी पिंप यासाठी पुरते. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे पिंप घेऊ नये. तेलाचे असल्यास आतून एकदा जाळून स्वच्छ करावे.

१) पिंप किंचित उताराने आडवे ठेवावे. पुढील झाकणाच्या खालच्या बाजूस वीतभर रुंदीचे चौकोनी तोंड ठेवावे. मागील बाजूस तळाशी सुमारे १० सें.मी. व्यासाचे भोक पाडून त्यास धुराडे जोडावे. पिंपाभोवती व वर १५ ते २० सें.मी. जाडीचा मातीचा थर द्यावा.

२) लाकूड तोडल्यानंतर तीन-चार आठवडे सावलीत सुकवावे. ओल्या लाकडातून नुसती वाफ निघते आणि शिरका पांचट होतो. एकसारख्या लांबीचे तुकडे करून बारीक खाली व जाड वर असे दाट भरावेत.

३) पुढच्या तोंडाशी काटक्यांचा जाळ करावा. आतील लाकूड पेटू न देता त्याला फक्त उष्णता मिळाली पाहिजे.

४) धुराड्याला तीन ते चार मीटर लांबीचा, आतील पेरे फोडून पोकळ केलेला बांबू वरच्या दिशेने तिरका जोडावा. त्यावर ओले गोणपाट गुंडाळावे. धूर वर जाताना थंड होतो व पाणी उलट खाली ओघळते. बांबूच्या खालच्या टोकाशी भोक पाडून त्याखाली प्लास्टिकचा कॅन ठेवावा. शिरका आम्ल असल्याने तो लोखंड, जस्त आणि तांबे खातो. म्हणून पन्हळी किंवा जस्ताचा पाइप वापरू नये.

पाणी केव्हा गोळा करावे हे धुरावरून ओळखता येते. सुरुवातीचा धूर दाट, पांढरा व वाफाळ असतो. त्यात पाणीच अधिक असते, ते घेऊ नये. नंतर धूर पिवळसर होतो व नाकाला झोंबू लागतो. धुराड्याच्या तोंडाशी तापमान ८० अंश सेल्सिअसवर गेले की गोळा करण्यास सुरुवात करावी व १५० अंशांवर थांबवावे. तापमापक नसल्यास पांढऱ्या फरशीचा तुकडा धुरात धरावा. त्यावर पिवळसर-तपकिरी पातळ थेंब जमले तर शिरका योग्य आहे. काळे, चिकट थेंब दिसू लागले की डांबर येत आहे असे समजून कॅन बाजूला करावा. शेवटी धूर निळसर व विरळ होतो. त्यानंतर तोंड व धुराडे चिखलाने पूर्ण लिंपून भट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत थंड होऊ द्यावी. गरम भट्टी उघडली तर कोळसा पेट घेतो.

धुराची ही पारख पुस्तकापेक्षा अनुभवाने लवकर येते. आपल्या दोन्ही तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबांनी वर्षानुवर्षे कोळशाच्या भट्ट्यांवर काम केले आहे. धुराच्या रंगावरून भट्टीच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी माणसे त्यांच्यात आहेत. त्यांना बोलावून ही पारख शिकून घ्यावी आणि त्या दिवसाची मजुरी त्याच दिवशी रोख द्यावी. उचल देऊन माणूस बांधून घेण्याची जुनी रीत अन्यायाची आहे आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हाही आहे.

भट्टी घरापासून दूर, मोकळ्या जागेत लावावी. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, म्हणून बंद पडवीत किंवा गोठ्याजवळ हे काम करू नये.

शिरका मुरवणे

ताजा शिरका झाडांवर कधीही वापरू नये. त्यात डांबर मिसळलेले असते. त्याने पानांची छिद्रे बुजतात व पाने करपतात. गोळा केलेला शिरका प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात भरून सावलीत, न हलवता किमान तीन महिने ठेवावा. सहा महिने ठेवल्यास अधिक चांगले. या काळात त्याचे तीन थर होतात. वर हलक्या तेलाचा पातळ तवंग, मध्ये स्वच्छ शिरका आणि तळाशी काळे डांबर. मधला थर तेवढा नळीने अलगद काढून फडक्यातून गाळून घ्यावा. चांगला शिरका पारदर्शक, फिकट पिवळा ते तांबूस तपकिरी दिसतो. काचेच्या पेल्यात घेऊन पलीकडे वर्तमानपत्र धरल्यास अक्षरे वाचता आली पाहिजेत. गढूळ असल्यास आणखी मुरू द्यावा.

यात मिथेनॉल असल्याने तो पोटात जाणे घातक आहे. दारूच्या किंवा सरबताच्या बाटलीत तो भरून ठेवू नये. कॅनवर ‘विषारी, पिऊ नये’ असे ठळक लिहून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा.

किती व केव्हा वापरावा?

पुढील प्रमाणे घरच्या चाचणीसाठी सुरुवातीची म्हणून धरावीत. मापासाठी बाटलीचे झाकण न वापरता औषधाचे मापपात्र वापरावे. मोजमाप १५ लिटरच्या पंपासाठी आहे.

१) आंबा-काजूची नवीन कलमे : एकास ५०० (पंपास ३० मि.लि.). पावसाळा संपल्यावर, जमिनीत ओल असताना प्रत्येक कलमाच्या आळ्यात एक लिटर द्रावण द्यावे. महिन्याच्या अंतराने दोन ते तीन वेळा पुरे.

२) फळे देणारी झाडे : एकास ५०० (पंपास ३० मि.लि.). पावसाळ्यानंतरची पालवी जून होऊन हिरवी झाल्यावर १५ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या कराव्यात. तांबूस कोवळ्या पालवीवर फवारू नये.

३) फळे वाटाण्याएवढी झाल्यानंतर : फवारायचेच असल्यास एकास १००० (पंपास १५ मि.लि.) आणि तेही चाचणीच्या झाडांवरच.

उमललेल्या मोहोरावर फवारणी करू नये. धुरकट वासाने माश्या व मधमाश्या दूर जाण्याचा धोका असतो आणि त्यांच्यावाचून फळधारणा होत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. प्रथम एका फांदीवर फवारून तीन दिवस पाहावे आणि कडा करपल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

आता एकूण गरज किती ते पाहू. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या एक हेक्टर आंब्याच्या बागेत १०० झाडे बसतात. मध्यम झाडास १० लिटर द्रावण धरले तर दोन फवारण्यांना २००० लिटर द्रावण लागते. एकास ५०० या प्रमाणात त्यासाठी शिरका लागतो केवळ ४ लिटर. शंभर किलो सुक्या लाकडापासून साधारण ५ ते १० लिटर कच्चा शिरका मिळतो व मुरल्यावर त्यात घट येते. म्हणजे हेक्टरभर बागेची वर्षाची गरज पिंपाच्या दोन भट्ट्यांत भागते. छाटणीचे लाकूड त्याला पुरून उरते. यासाठी ना झाड तोडावे लागते, ना महागडे कॅन विकत घ्यावे लागतात.

भट्टीतील कोळशाचा चुराही वाया घालवू नये. शेणखतात मिसळून तो कलमांच्या खड्ड्यात घालावा. तो किंचित अल्कधर्मी असतो व ओल धरतो. आपल्या आम्लधर्मी, निचऱ्याच्या वरकस जमिनीला तो मानवतो.

काय टाळावे?

बोर्डो मिश्रणाबरोबर किंवा त्यानंतर लगेच शिरका फवारू नये. मोरचुदाची तीव्रता चुन्याने आटोक्यात ठेवलेली असते. आम्ल मिळाले की तांबे मोकळे होऊन पाने जळतात. दोन फवारण्यांत किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे. ट्रायकोडर्मा, ॲझोटोबॅक्टर यांसारख्या जिवंत जिवाणू-बुरशीच्या खतांतही शिरका मिसळू नये, कारण तो त्यांनाही मारक ठरतो.

तुडतुडे, भुरी व करपा यांच्यासाठी ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी शिरक्यावर विसंबून राहू नये. मोहोराच्या काळात आठवडा चुकला तर वर्षाचे पीक हातचे जाते.

धुराने आंब्याला मोहोर येतो, असे काही जण सांगतात. फिलिपाइन्समध्ये झाडाखाली धूर करून मोहोर आणण्याची पद्धत पूर्वी होती, हे खरे आहे. पण तेथे काम करतो तो धुरातील इथिलीन हा वायू. धूर थंड करून पाणी केले की हा वायू हवेत निघून जातो. म्हणून मोहोर आणण्यासाठी शिरका फवारणे व्यर्थ आहे.

चोपण जमीन शिरक्याने सुधारते, हा दावाही आपल्या कामाचा नाही. आपल्या वरकस जमिनी मुळातच आम्लधर्मी आहेत.

विकतचा शिरका घेताना

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना त्या आदेशाखाली आणले. त्यामुळे जैव-उत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर घटक, प्रमाण, पीक आणि उत्पादकाचा पत्ता यांची स्पष्ट नोंद मागावी व पक्के बिल घ्यावे. बाटलीवर ‘कीड मारतो’, ‘रोग बरा करतो’ असे लिहिले असेल तर त्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. शंका आल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात दाखवावे.

स्वतःच्या बागेत पडताळा घ्या

पहिल्याच वर्षी सर्व बाग फवारू नये. एकाच जातीची, एकाच वयाची दहा झाडे निवडावीत. हापूस वर्षाआड फळतो. त्यामुळे मागील वर्षी सारखेच फळलेल्या झाडांच्या पाच जोड्या लावाव्यात. जोडीतील एका झाडावर शिरक्याचे द्रावण आणि दुसऱ्यावर तेवढेच साधे पाणी त्याच दिवशी फवारावे. खत, पाणी व कीटकनाशके दोन्हींना सारखीच द्यावीत. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांना एकेक फांदी सुतळी बांधून ठरवून ठेवावी. मोहोर केव्हा आला, वाटाण्याएवढी फळे किती धरली, काढणीस किती राहिली व वजन किती भरले हे वहीत लिहावे. असे दोन हंगाम करावे. फरक दिसला तर वापर वाढवावा. दिसला नाही तर चार लिटर शिरका आणि दोन दिवसांचे श्रम यापलीकडे काही गेले नाही.

मेळाव्यातील त्या बागायतदारांनी यंदा एकास ५०० या प्रमाणात पाच झाडे फवारली आहेत आणि पाच झाडे पाण्यावर ठेवली आहेत. वही त्यांच्या मुलीकडे आहे. आपणही शेणखत, शिफारशीत खते, विरळणी व वेळेवर पीक संरक्षण हा पाया आधी पक्का करावा आणि त्यानंतर शिरक्याची परीक्षा घ्यावी. पंपात शिरका ओतण्यापूर्वी मापपात्र हातात घ्यावे, एवढी विनंती.